पैसा खंडानं येणार की वाट्यानं?

आमच्याकडे दुसऱ्याला रान करायला द्यायच्या दोन रीती आहेत. एक खंडाची. पाडव्याला बोली होते, एकरी अमुक हजार ठरतात, निम्मे आधी आणि निम्मे सुगीला. मग पाऊस लागो की दडी मारो, हुमणी पडो की भाव बसो, मालकाचे पैसे ठरलेले. दुसरी रीत वाट्याची. बी-खत निम्मं निम्मं, राबणूक करणाऱ्याची, आणि जे पिकेल ते खळ्यावर दोघांत. बुडालं तर दोघांचंही बुडालं. वाट्यानं रान दिलेला मालक आठवड्यातून एकदा तरी बांधावर येऊन उभा राहतो, ढगाकडं बघतो, नको ते सल्ले देतो. खंडाचा मालक पाडव्याशिवाय फिरकत नाही. लहानपणी मला हा माणसांच्या स्वभावातला फरक वाटायचा. तो बोलीतला फरक आहे हे फार उशिरा, लोकांचे हिशेब लिहायला लागल्यावर कळलं.

मी सांगलीत विश्रामबागेत हिशेबाचं आणि कराचं काम करतो. तासगाव तालुक्यात आमची थोडी द्राक्षबाग आहे, ती थोरला भाऊ बघतो. त्यामुळे दर वर्षी दिवाळीनंतर कुणी ना कुणी माझ्यापुढं बसून एकच प्रश्न विचारतो: शेतीत पैसे टाकायचेत, कुठं टाकू? कधी डॉक्टर असतो, कधी दुबईहून परत आलेला गलाई व्यावसायिकाचा मुलगा असतो. (खानापूर-आटपाडीकडची निम्मी घरं सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेली, त्यांच्याकडं पैसा असतो आणि गावाकडची ओढही असते.) गेल्या खेपेला माझा मेहुणाच होता. हिंजवडीत नोकरी, बोनस आलेला. मोबाईलमध्ये त्यानं बरंच काही साठवून आणलं होतं. नगदी पिकांत केवढी संधी आहे, जगाची लोकसंख्या कशी वाढतेय, आपल्याकडं मजूर स्वस्त, जमीन मुबलक, निर्यातीला वाव. ‘मजूर स्वस्त’ या शब्दांवर माझा भाऊ इतका हसला की वहिनी आतून बघायला आली. छाटणीच्या हंगामात टोळी मिळवायला त्याला मुकादमाच्या दारात किती वेळा जावं लागतं हे मेहुण्याला कुठून ठाऊक असणार?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. साताऱ्या-सांगलीच्या नगदी पिकांना बाहेरचा पैसा हवा आहे, मोठ्या प्रमाणावर हवा आहे. ‘शेती शेतकऱ्याचीच राहू द्या, भांडवलदार नकोत’ हा आपल्याकडचा जुना सूर मला पटत नाही. पण आज जो पैसा शेतीकडं येतो तो जवळपास सगळा खंडानं येतो. बँकेचं कर्ज, औषध दुकानाची उधारी, व्यापाऱ्याची उचल, शहरातल्या माणसानं घेतलेली जमीन, हमी परताव्याची योजना, यातल्या प्रत्येकाचं येणं ठरलेलं असतं, आणि जे ठरलेलं नसतं ते सगळं एकट्या पिकवणाऱ्याच्या डोक्यावर असतं. त्याला गुंतवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जमिनीपासून सुरू करू, कारण मेहुण्याच्या डोक्यात पहिल्यांदा जमीनच होती. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. माझ्या सासऱ्यांमुळे याचं नाव सातबाऱ्यावर आहे, म्हणजे ती अडचण नव्हती. अडचण साध्या गुणाकाराची होती. समजा, कृष्णाकाठाला बारमाही पाण्याचं रान तीस लाख रुपये एकरानं मिळालं. आडसाली ऊस लावला, पन्नास टन निघाला, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,२०० रुपये हाती आले. झाले एक लाख साठ हजार. निम्मे बियाणं, खत, पाणी, मशागतीत गेले. राहिले ऐंशी हजार, तेही सोळा महिन्यांनी, म्हणजे वर्षाला साठ हजार. तीस लाखांवर दोन टक्के! पोस्टातलं बचत खातंही याहून जास्त देतं. तरी जमिनी विकल्या जातात, कारण घेणारा उसासाठी घेतच नाही. उद्या रस्ता जाईल, प्लॉट पडतील, आणि दरम्यान शेतीचं उत्पन्न करमुक्त, या हिशेबानं घेतो. हा व्यवहार बेकायदा नाही. पण त्यातला एक रुपयाही पिकात जात नाही, तो फक्त जमिनीचा भाव चढवतो. आणि भाव चढला की शेजारच्या गरजू शेतकऱ्याला दोन गुंठे जोडून घेणं कायमचं हाताबाहेर जातं.

मग दुसरा मार्ग, घरबसल्या शेतीचा. याची गंमत अशी की दर दहा वर्षांनी पिकाचं नाव बदलतं, कागद तोच राहतो. नव्वदच्या दशकात सागवान होता. दोन-चार हजारांत तुमच्या नावाचं झाड, वीस वर्षांनी लाखभर रुपये. त्या कंपन्या एकेक करून आडव्या झाल्यावर १९९९ साली सेबीनं सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. मग इमू पक्षी आले. मग २०१९ साली आमच्याच इस्लामपूर परिसरातून कडकनाथ कोंबडीचा घोटाळा बाहेर पडला. पिल्लं आम्ही देतो, अंडी-पक्षी ठरल्या भावानं आम्हीच घेतो, तुम्ही फक्त पाळा. हजारो लोक अडकले, त्यात शेतकरी होते, शिक्षक होते, निवृत्त पोलीसही होते. माझ्याकडं कागद घेऊन आलेल्या एकाला मी विचारलं होतं, ‘एवढी कोंबडी खाणार कोण, हे कुणी विचारलं नाही का?’ तो म्हणाला, ‘सर, हमी होती की.’ हीच खूण आहे. शेतीत हमी देणारा माणूस एकतर सरकार असतो नाहीतर लबाड असतो. आणि सरकारही फार थोड्या पिकांना हमी देतं.

त्यातलं एक ऊस. ऊस आळशाचं पीक, पाणीखाऊ पीक, असं पुण्या-मुंबईच्या पत्रकारांना म्हणायला सोपं जातं. पण कृष्णेच्या दोन्ही काठांनी शेतकरी उसाला का चिकटलाय याचं उत्तर जोखमीत आहे. या पिकाचा किमान भाव, म्हणजे एफआरपी, गाळप हंगामाआधीच कायद्यानं ठरतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये होती. तुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर पंधरा टक्के व्याज, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. चौदा दिवस कोण पाळतं तो भाग वेगळा, त्यासाठी दर हंगामाला आंदोलनं होतात. पण भावाची जोखीम दुसऱ्यानं घेतली की शेतकरी कसा भरभरून लावतो, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

आणि ती जोखीम घेणारा कोण होता? कारखाना. आज तरुणांना सांगून पटत नाही, पण वसंतदादांच्या आणि यशवंतरावांच्या पिढीनं जो सहकार उभा केला तो मुळात वाट्याचाच व्यवहार होता. उसाच्या बिलातून शेअरचे पैसे कापून घेतले, सरकारनंही भागभांडवल घातलं, आणि रान करणारा माणूसच धुराड्याचा मालक झाला. साखरेला भाव आला तर वर दोन पैसे, नाही आला तर सगळ्यांनीच सोसायचं. पुढं काय झालं ते सांगायला नको. संचालकांची घरं सुधारली, कारखान्यांचे ताळेबंद बिघडले. वर सरकारचं धोरण. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ रुपये किलो ठरली, ती पुढची सहा वर्षं तिथंच. त्याच काळात एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेली. २०२३ च्या डिसेंबरात, ऐन गाळप हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं अचानक बंधन घातलं, आणि त्यासाठी कर्ज काढून आसवन्या उभारलेले हात चोळत बसले. आमच्या भागातले काही जुने सहकारी कारखाने आज खाजगी कंपन्या भाड्यानं चालवतात. म्हणजे सभासदांनी वाट्यानं उभा केलेला कारखाना शेवटी खंडानं गेला!

आता द्राक्षाकडं येतो, कारण ते मी जवळून बघितलंय.

द्राक्षाला हमी नाही. बाग उभी करायची म्हणजे दगडी नाहीतर लोखंडी खांब, तारा, अँगल, ठिबक, डॉगरिजची खुंटं, त्यावर कलम. फळ बघायला दुसरं-तिसरं वर्ष उजाडतं. वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची फळ धरायला. एप्रिल छाटणीपासून पैसा जो आत जायला लागतो तो माल तुटेपर्यंत, जवळजवळ अकरा महिने, नुसता जातच राहतो. ऑक्टोबर छाटणीनंतर वेल पोंग्यात आणि फुलोऱ्यात असताना दोन दिवस जरी पाऊस लागून राहिला तरी डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड गळतात, कुजतात. २०१९ साली परतीच्या पावसानं हेच केलं. त्या वर्षी माझा भाऊ रात्री दोन वाजता ब्लोअर जोडून बागेत असायचा. पाऊस थांबला की फवारा, पुन्हा आला की पुन्हा फवारा. सकाळी त्याच्या भुवयांवर औषधाची पांढरी पूड असायची. एका रात्री मी बरोबर गेलो होतो. शिवारभर ट्रॅक्टरचे दिवे हलत होते, जणू गावाची जत्रा बागांत भरलीय. त्यातल्या किती जणांच्या हाती माल लागला? आमच्या हाती निम्माच लागला. औषध दुकानाचं बिल मात्र नेहमीच्या दुप्पट झालं होतं, कारण निम्म्या मालाला निम्मं औषध लागत नाही.

या धंद्यातली जोखीम नुसती आभाळातून येत नाही. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सापडला आणि माल अडकला. हे म्हणजे लिहोसिन, वेलीची वाढ आवरायला वर्षानुवर्षं सगळेच वापरत होते, शिफारसही होती. त्या वर्षी तिकडं तपासणीच्या यादीत ते आलं आणि इकडं कोट्यवधींचा माल मातीमोल झाला. चूक कुणाची याचा वाद बरीच वर्षं चालला. पैसे कुणाचे गेले याबद्दल मात्र वाद नव्हता. स्थानिक बाजाराचं वेगळंच. परराज्यातला व्यापारी येतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतो, तिसरी-चौथी उधारीवर भरतो आणि फोन बंद करतो. आमच्याकडं असा एकदा येऊन गेला. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण त्यानं सांगितलेलं नाव खरं होतं की नाही हेच माहीत नाही. दिलेला चेक भावानं अजून पेटीत ठेवलाय.

एवढं सोसून या तालुक्यानं नवं काही केलं नाही असं नाही. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात राज्यभर गेली. शेतकऱ्यानं स्वतःच्या बागेत, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या जोखमीवर केलेलं संशोधन. याला भांडवल कुणी पुरवलं? त्यांचं त्यांनीच.

आणि बेदाणा. मला विचाराल तर या दोन जिल्ह्यांत पैसा घालण्यासारखी सगळ्यात शहाणी जागा बेदाण्याभोवती आहे. तासगावच्या पूर्वेला, कवठेमहांकाळ ओलांडून नागज-जुनोनीच्या माळावर गेलात तर फेब्रुवारी ते एप्रिल हिरव्या शेडनेटच्या रांगाच रांगा दिसतात. ज्या कोरड्या, तापलेल्या वाऱ्यानं या मुलखाला पिढ्यान्पिढ्या दुष्काळी ठरवलं, तोच वारा इथं द्राक्षं वाळवतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचे, जाळ्यांच्या रॅकवर पसरायचे, पंधरा दिवसांत झाडून काढायचे. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. पुढं गंधकाची धुरी, निवडणं, धुणं, प्रतवारी, पंधरा किलोचा बॉक्स आणि शीतगृह. व्यापाऱ्यानं द्राक्षाला भाव पाडून मागितला तर ‘राहू दे, बेदाणा करतो’ म्हणायची ताकद बागायतदाराला रॅकनं दिली. ताज्या द्राक्षाला थांबता येत नाही, बेदाणा कोल्डमध्ये दिवाळीपर्यंत थांबतो. नगदी पिकात थांबायची ताकद म्हणजेच भांडवल, असं मी माझ्या अशिलांना सांगत असतो.

पण ही ताकद कुणाकडं आहे? स्वतःचं शेड सगळ्यांकडं नाही, ते किलोमागं भाडं देऊन दुसऱ्याच्या रॅकवर टाकतात. कोल्ड व्यापाऱ्यांचं किंवा मोठ्यांचं. माल ठेवल्या दिवशी उचल घेतली की मालाचा लगाम अर्धा सुटतो. तासगावच्या सौद्यात एकदा उभं राहून बघा. बॉक्स फोडलेला, व्यापारी मूठ भरतो, दोन दाणे तोंडात टाकतो, उरलेले फरशीवर उडवतो. एक, दोन, दहा, वीस मुठी. सौदा संपेतो पायाखाली हिरव्या बेदाण्याचा सडा पडलेला असतो. तो शेतकऱ्याचा आहे. त्यावर बैठका झाल्या, ठराव झाले, थोडे दिवस कमी होतं, पुन्हा सुरू. पैसे सावकाश येतात. दिवाळीच्या सुमारास ‘झिरो पेमेंट’साठी सौदेच बंद ठेवतात, सगळी येणी-देणी मिटेपर्यंत. शेतकऱ्याचा माल वर्षभर सगळ्या साखळीला बिनव्याजी भांडवल पुरवतो आणि तोच शेतकरी सोसायटीत कर्जासाठी उभा राहतो. हे उलटं आहे हे कळायला चार्टर्ड अकाउंटंट व्हायला लागत नाही.

हळदीची गोष्ट याच्याच पोटातली, थोडक्यात सांगतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मान मोठाच. पण आता राज्यात हळदीखालचं मोठं क्षेत्र हिंगोली-वसमतकडं आहे. सांगलीचं बलस्थान बाजारपेठ आणि साठवणूक हे राहिलंय. हरिपूरची पेवं त्याची खूण. नदीकाठच्या त्या विशिष्ट मातीत खोल खड्डे, आत हळद, वर्षानुवर्षं किडीशिवाय. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि तो धंदा पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. गोदामं आली. पण ज्या काळी कुणी ‘काढणीपश्चात तंत्रज्ञान’ हा शब्द ऐकला नव्हता, त्या काळी हरिपुरानं मातीत भोक पाडून तेच केलं होतं. सातारा-कोरेगाव पट्ट्यातल्या आल्याला अशी सोय नाही. तिथं भाव पाचशे किलोच्या ‘गाडी’वर बोलतात. एका वर्षी गाडी सोन्याच्या भावानं जाते, पुढच्या वर्षी सगळे आलं लावतात, त्याच्या पुढच्या वर्षी काढणीची मजुरी सुटत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला मात्र फळप्रक्रियेचे कारखाने घाटाच्या माथ्यावरच मिळाले, म्हणून पर्यटकांच्या टोपलीबाहेर उरलेलं फळ फेकावं लागत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं: अहो, कर्ज स्वस्त केलंय की. केलंय. विकास सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर शून्य टक्क्यानं पडतं. २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून शेड-गोदामाला दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं तीन टक्के व्याजसवलत आहे. चांगल्या योजना आहेत, मी स्वतः लोकांची प्रकरणं करून दिलीत. पण कर्ज कितीही स्वस्त झालं तरी तो खंडच. बाग गळाली म्हणून हप्ता गळत नाही. ज्या धंद्यात पाचातली दोन वर्षं वाईट जातात हे ठरलेलंच आहे, तो धंदा नुसत्या कर्जावर उभा करणं म्हणजे वाळूवर मांडव घालणं. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात सुरुवातीची जोखीम भागभांडवल घेतं, कर्ज नंतर येतं. शेतीत मात्र पहिला रुपया कर्जाचा आणि शेवटचाही.

भागभांडवल शेतीत येऊ शकतं का? नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ साली युरोपातल्या गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये घातले. तो पैसा जमिनीत गेला नाही, पिकाच्या हमीवरही गेला नाही. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीनं काढणीनंतरच्या कामासाठी वेगळी कंपनी केली, तिच्या भागांत तो गेला. वेगळी कंपनी का करावी लागली हे आमच्याकडच्या उत्साही मंडळींनी नीट समजून घ्यावं. २००२ च्या कायदादुरुस्तीनं आलेल्या उत्पादक कंपनीचं सभासद फक्त उत्पादकाला होता येतं. मेहुण्यासारख्या स्वतः न पिकवणाऱ्यानं पैसे द्यायचे म्हटले तर त्याला त्यात दारच नाही. कायद्याचा हेतू चांगला होता, शहरी पैशानं शेतकऱ्याची कंपनी गिळू नये. पण त्यामुळे गावोगावच्या उत्पादक कंपन्या हजार-हजार रुपयांच्या शेअरवर कुथत बसल्यात. त्यातल्या बऱ्याच नुसत्या अनुदानासाठी काढलेल्या आहेत हे मी त्यांच्या वह्या बघून सांगतो. खत-औषधाचं दुकान, एक फलक आणि अध्यक्षांचा पुतण्या, एवढीच कंपनी.

आपली बाजूही धुतल्या तांदळाची नाही. खटावकडं वेफर्सच्या बटाट्याची करारशेती बरीच वर्षं आहे. बाजार चढला की रात्रीत पोती दुसरीकडं जातात, बाजार पडला की कंपनीला बटाट्यात एकाएकी माल नाकारण्याइतकी साखर दिसायला लागते. दोघंही करार पाळतात, फक्त आपल्या सोयीच्या वर्षी. वाट्याचा व्यवहार करायचा तर वही दोघांना उघडी पाहिजे, आणि शेतकऱ्याला आपली वही दुसऱ्याला दाखवायची सवय नाही. माझ्या भावाला तर माझ्यापुढंही दाखवायची नसते.

कायदाही आडवा येतो. १ एप्रिल १९५७, कृषकदिन. त्या दिवशी कसणारा मालक झाला, लाखो कुळांना जमीन मिळाली, त्याचं मोल कमी करायचं नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ३२-ओ मुळे पुढं कुणाला कूळ म्हणून ठेवलं तर तो जमीन मागू शकतो, ही भीती मालकाच्या मनात कायमची बसली. म्हणून आजही खंड असो की वाटा, सगळं तोंडी. कागद नाही म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज नाही, विमा नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ऊस कुजला तो कसणाऱ्याचा, भरपाई आली सातबाऱ्यावरच्या नावाला. ई-पीक पाहणीतही नाव मालकाचंच. नीती आयोगानं २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला, त्यात मालकी मालकाची ठेवून कसणाऱ्याला कर्ज-विम्याचा हक्क देण्याची तरतूद होती. माझ्या मते महाराष्ट्रानं त्याहून एक पाऊल पुढं जावं: लेखी वाटाकराराची तलाठ्याकडं नोंद, आणि त्या नोंदीनं कूळहक्क उत्पन्न होणार नाही अशी स्पष्ट ग्वाही. खंडाच्या करारापेक्षा वाट्याच्या कराराला मुद्रांक शुल्कात सूट द्या, कर्जात प्राधान्य द्या. उत्पादक कंपनीतही बाहेरच्याला ठरावीक मर्यादेपर्यंत, मताधिकाराशिवाय भाग घेऊ द्या. डाव्या मित्रांना यात जमीनदारी परत येताना दिसेल. मला उलटं दिसतं. आजची तोंडी, बिनकागदी पद्धतच जमीनदाराला सोयीची आहे.

मेहुण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. जमीन नाही, कोंबडी नाही, ड्रॅगन फ्रूटही नाही, असं करत तो शेवटी भावाच्या आणि शेजारच्या दोघा बागायतदारांच्या सामायिक बेदाणा शेडमध्ये चार लाख घालायला तयार झाला. स्टॅम्पपेपरवर मीच मसुदा केला. शेडवर टाकलेल्या मालाला किलोमागं ठरलं तेवढं भाडं, खर्च वजा जाता त्यात त्याचा हिस्सा, माल नाही आला तर भाडं नाही. पहिल्याच वर्षी पावसानं बागांना माल कमी धरला, रॅक निम्मे रिकामे राहिले. आणि माल कमी म्हणून बेदाण्याला भाव मात्र उसळला. एप्रिलमध्ये तो पोरांना घेऊन गावी आला. सौद्याच्या पट्ट्या बघितल्या, मोबाईलवर आकडेमोड केली आणि म्हणाला, ‘दाजी, आपण बोली चुकवली. भाडं रुपयांत कशाला धरलं? किलोमागं बेदाण्यातच माझा वाटा धरा ना.’

भाऊ रॅकखाली बसून झाडलेला माल गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, ‘धरू की. मग औषधाच्या बिलात बी धरू का?’

मेहुण्यानं विचार करून सांगतो म्हटलंय. ऑक्टोबर छाटणीच्या आधी सांग, एवढंच भावानं त्याला बजावलंय.